बैलाला विचारल्याशिवाय

नागपूरकडं निघालेला ट्रक इचोड्याच्या वळणावर आला, की सगळ्यात आधी दुकानातल्या घाट्यांना कळायचं. घाटी म्हणजे बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा. अशा तीनशेच्या वर घाट्या आड्याला टांगलेल्या होत्या. ट्रक अजून ढाब्यापाशी असायचा, अन् इकडं सगळ्यात बारकी घाटी अंग हलवायची, मग तिच्या शेजारची, मग सगळी ओळच्या ओळ. ट्रक निघून गेला तरी तो आवाज बराच वेळ दुकानात हिंडत राहायचा. भाग्यलक्ष्मी लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर तिला वाटायचं, की आपण भैंशाच्या माहेराहून निघालो ते अजून पोचलोच नाही, छकड्यात बसून चाललोच आहोत. सोळा वर्षं झाली त्याला. डोळे मिटले तर अजूनही तसंच वाटतं.

आज मात्र डोळे मिटायची सोय नव्हती. पोळ्याला बारा दिवस राहिले होते, मागच्या खोलीत सगळं घर जमलं होतं, अन् दुपारी तीनला महसूल खात्याच्या गिरदावर बाई कागद घेऊन येणार होत्या. भाग्यलक्ष्मी दुकान अन् खोली यांच्यामधल्या उंबऱ्यावर कानस घेऊन बसली होती. एक कान इकडं, एक तिकडं.

दुकानात फक्त घाट्या मिळायच्या. झूल, गोंडे, कासरे, शिंगाचा रंग, काही म्हणजे काही नाही. कोणी मागितलंच तर तिचे सासरे पांडुरंगराव म्हणायचे, बाजारात दहा दुकानं हायेत बापा, तिकडं जा. अन् घाटी तरी सहज मिळायची का? छे. इथली रीत अशी, की बैलाला विचारल्याशिवाय घाटी विकायची नाही. बैल दुकानापुढच्या अंगणात आणायचा. घाटी गळ्यात बांधून त्याला तीन फेरे फिरवायचं अन् उभं करायचं. बैलानं निवांत रवंथ सुरू केला तर घाटी पास. रवंथ थांबवून मान ताणली तर नापास. मग घाटी सोडायची, काठावरून कानस फिरवायची, आवाज जरासा खाली बसवायचा अन् पुन्हा फेरे. शिवाय जोडीतल्या दोन बैलांच्या घाट्या एका आवाजाच्या चालायच्या नाहीत. दोन्ही एकसारखं बोलायला लागल्या तर मग ऐकायचं कोणी, असं पांडुरंगराव म्हणायचे. शहरातल्या माणसाला हे ऐकून हसू येईल. येऊ द्या. चाळीस गावची माणसं बैल घेऊन दहा-दहा कोस चालत येत होती ती काय हसायला?

तर अशा या दुकानाच्या भिंतीवर वैशाखात लाल रेघ आली. बसस्टँड मोठं व्हायचं होतं, हैदराबादच्या गाड्यांना आत वळायला जागा पाहिजे होती, अन् ती जागा नेमकी इथं निघत होती. रेघ मारून माणसं गेली, मग मोजणीवाला आला. त्या मोजणीत जे झालं ते पांडुरंगरावांखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातून होणं शक्य नव्हतं. मोजणीवाल्यानं दुकान मोजलं, मागच्या खोल्या रेघेबाहेर सोडल्या, मग अंगणात उभं राहून विचारलं की हे कोणाचं? पांडुरंगरावांनी जन्मभर जे सांगितलं तेच सांगितलं, की हे बैलाइचं हाय. त्या भल्या माणसानं कागदावर लिहिलं: मोकळी जागा, सार्वजनिक. झालं! साठ वर्षांचा कबजा एका वाक्यात गेला. राहिलं ते आठ बाय दहाचं दुकान, त्याच्या बदल्यात नव्या स्टँडच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा एक गाळा. तो नको असेल तर बैलबाजाराच्या माळावर, गावापासून दूर, उघडा प्लॉट. दोन्हीपैकी काय ते आज लिहून द्यायचं होतं.

उघड्या प्लॉटचं नाव सकाळपासून कोणी काढलं नव्हतं.

धाकट्या पंकजचा विचार पक्का होता. कोपऱ्यावर भाड्याच्या टपरीत तो मोबाईल दुरुस्त करायचा, अन् स्टँडच्या इमारतीत गाळा म्हणजे त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. मुलगा वाईट नव्हता. उन्हात टपरीच्या पत्र्याखाली नऊ वर्षं काढली होती त्यानं. त्याचं म्हणणं असं, की बाबांनी आज अर्ज द्यावा, अंगण आमचंच होतं, मोजणीच्या वेळी बोलण्यात चूक झाली म्हणावं. दोन शेजारी सही करायला तयार होते. जागा वाढली की गाळा खालच्या मजल्यावर मिळेल, मोठा मिळेल, त्यात एका बाजूला मोबाईल अन् एका बाजूला शोभेला घाट्या.

शोभेला. भाग्यलक्ष्मीनं कानस जरा जोरात फिरवली.

सासूबाई जयवंताबाई, भाग्यलक्ष्मीच्या आत्याबाई, पंकजच्या बाजूनं होत्या. त्यांना घाट्यांचं काही नव्हतं, दोघं लेक एका छपराखाली राहावेत एवढंच पाहिजे होतं. बासरहून सकाळच्या गाडीनं आलेली नणंद, चंदाताई, तीही आधी पंकजकडूनच बोलत होती. पण अर्जाची गोष्ट निघाली अन् ती थबकली. म्हणाली, बाबानं सगळ्या मुलखाला सांगितलं की आंगन बैलाइचं, अन् आता या वयात त्याइच्याच तोंडानं फिरवायचं का? पंकज म्हणाला, मंग काय बैल सही करायला येनार हाय? चंदाताईला हसू आलं, पण तिनं बसायची जागा बदलली, माईच्या शेजारून उठून दाराकडं आली. अन् भाग्यलक्ष्मीचा नवरा वैभव, कॉलेजात लिपिक, घरातला थोरला, त्याचं आपलं नेहमीचं: पाहू. सोळा वर्षांत या माणसानं घरात दुसरा शब्द क्वचित वापरला असेल.

पांडुरंगराव यातलं काहीच बोलत नव्हते. ते पुढं दुकानात आपल्या पाटावर बसले होते, पाठ खोलीकडं करून. त्यांना जरा कमी ऐकू येतं हे घरात ठाऊकच होतं. मोठ्यानं, तोंडासमोर बोललं की सगळं समजायचं.

खरी गोष्ट वेगळी होती. ती फक्त दोघांना माहीत होती.

दोन वर्षांपूर्वी, असेच पोळ्याच्या आधीचे दिवस. पांडुरंगरावांनी एक घाटी कानाशी नेली, वाजवली, पुन्हा वाजवली, अन् मग ती भाग्यलक्ष्मीच्या हातात देऊन नुसतं बघत राहिले. माणसाचा आवाज पोचत होता, ट्रकचा पोचत होता. घाटीतला तो वरचा, बारीक, लांबत जाणारा सूर मात्र त्यांच्यापर्यंत येत नव्हता. तिनं कानस घेतली, काठावरून दोनदा फिरवली, वाजवून पाहिली अन् मान हलवली. चौदा वर्षं त्यांच्या बाजूला बसून तिचा कान तयार झाला होता, तो कसा अन् कधी हे तिलाही सांगता आलं नसतं. ते एवढंच म्हणाले, की झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. तेव्हापासून असं ठरलं. बैल फिरत असताना ती बाजूला बसायची. घाटी बरोबर बोलली तर कानस उजव्या गुडघ्यावर, नाही तर डाव्या. पांडुरंगराव डोळे मिटल्यासारखं करून तिच्या गुडघ्याकडं बघायचे अन् निकाल द्यायचे. बैलाच्या आधी निकाल, अन् मग बैलाचा रवंथ त्यावर शिक्का मारायचा. एकदाही चुकलं नव्हतं.

त्या वेळी भाग्यलक्ष्मीला काय व्हायचं ते कोणाला सांगून पटलं नसतं. बैल फेरे घ्यायचा अन् ती आवाजात उतरायची. अंगण, रस्ता, ढाब्यावरची गाणी, सगळं लांब जायचं. घाटीच्या आवाजातून तिला बैलाचं चालणं दिसायचं, कोणता पाय जड आहे, मान कुठं दुखते. कधी कधी न पाहिलेली शेतं दिसायची, कमरेएवढी कपाशीची पऱ्हाटी अन् तिच्यातून जाणारी वाट. या जगात तिचं म्हणून जे काही होतं ते तेवढंच होतं. वरच्या मजल्यावर बैल चढत नाही, अन् बैल चढत नाही तिथं तिचं काय काम?

तिला माळावरचा प्लॉट पाहिजे होता. हे बोलायचं कसं? बोलली असती तर पंकजचा पुढचा प्रश्न तयार होता, अन् तो त्यानं ती न बोलताच विचारला. दुपारचे दोन वाजत आले होते. पंकज आईला सांगत होता, समजा माळावर गेलो, उघड्यावर दुकान टाकलं, पण बाबाच्या मागं ऐकनार कोन? मला घाटीतलं काही समजत नाही, दादाला समजत नाही.

"दुकान बाबाच्या कानावर हाय, माय. बाबा गेले की दुकान गेलं. मंग आजच काऊन नाही?"

जयवंताबाईंनी मान डोलावली. चंदाताईनंही. खरंच होतं ते, त्यांना माहीत होतं तेवढं.

मी हाय ना, हे तीन शब्द भाग्यलक्ष्मीच्या तोंडाशी आले. तिनं ते गिळले. सासऱ्यांची मूठ उघडून आपली जागा करायची, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात अंगणात बैल आला.

भिवाजी गुरुजी बैल घेऊन आले होते. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून मागच्या साली रिटायर झालेले. बाप जन्मभर दुसऱ्याचे बैल वळत होता, म्हणून पेन्शन सुरू झाल्या झाल्या गुरुजींनी काय केलं असेल तर स्वतःच्या नावाची जोडी घेतली. एका बैलाची घाटी मागच्या हप्त्यात झाली होती. आज दुसऱ्याची. पांढराशुभ्र, ठेंगणा, आयाळ नसलेल्या सिंहासारखा चालणारा बैल, अन् गुरुजी त्याच्यापुढं नवरदेवाच्या बापासारखे.

पांडुरंगरावांनी घाटी काढून दिली. गुरुजींनी बांधली. फेरे सुरू झाले. भाग्यलक्ष्मी पायरीवर येऊन बसली, पण आज ती आवाजात उतरेना. घाटी वाजत होती अन् तिच्या कानात आतलं बोलणंच घुमत होतं, बाबा गेले की दुकान गेलं. तिसरा फेरा संपला. सासरे तिच्याकडं बघत होते. तिनं घाईनं कानस ठेवली, उजव्या गुडघ्यावर.

"पास," पांडुरंगराव म्हणाले.

बैल उभा राहिला. जबडा एकदा हलला, दोनदा हलला अन् थांबला. त्यानं मान लांब केली, डोकं झटकलं. घाटी खणखणली, अन् आता तिला ऐकू आलं. फुटक्या वाटीसारखी कडवट. बैल पुन्हा डोकं झटकायला लागला.

साठ वर्षांत असं झालं नव्हतं, की पांडुरंगरावांनी पास म्हणावं अन् बैलानं नापास करावं. आतली माणसं कधी दाराशी आली ते तिला कळलं नाही. पंकज हळू आवाजात, अगदी माया असल्यासारखा म्हणाला, पाहा माय, आता बाबाचा कानही राह्यला नाही. चूक तिची, अन् नाव जात होतं त्यांचं. ती उठली. सांगून टाकावं, म्हणावं की मी ऐकलं नाही, यांची काही चूक नाही. पण तेवढंही सांगितलं तरी सगळंच उघडं पडत होतं. ती तशीच उभी राहिली अन् तिला रडू फुटलं.

पांडुरंगरावांना काय झालं ते समजायला वेळ लागला. त्यांनी बैलाकडं पाहिलं, मग सुनेकडं. मग ते पाटावरून उठले, अंगणात आले, बैलाच्या गळ्यातली घाटी सोडली अन् सगळ्यांच्या देखत भाग्यलक्ष्मीच्या हातात दिली.

"मले दोन सालापासून घाटी ऐकू येत नाही," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, रस्त्यापलीकडं जाईल एवढा. "मी नुसता बसतो. ऐकते ही. आज तुमच्या बोलन्यानं हिचं ध्यान चुकलं. बैलाचं बरोबर हाय."

भाग्यलक्ष्मीनं गुरुजींकडं पाहायचं टाळलं. चाळीस गावांत आता हे फिरणार, पोळ्याच्या आत फिरणार, अन् बहिऱ्याच्या दुकानात बैल आणायला कोण येडं आहे?

गुरुजींनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं होतं.

"पांडुरंगराव, वर्गात कोन कोनाच्या पाटीत पाहून लिहिते, हे मी पस्तीस साल पाह्यलं," ते म्हणाले. "मागच्या हप्त्यात पहिल्यांदा आलो तवाच समजलं. गावात सांगाले गेलो, तं लोक म्हनाले, गुरुजी, तुमाले आज समजलं काय? आमी दोन पोळे झाले बाईच्या गुडघ्याकडं पाहून राह्यलो."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! कासरा धरून उभे राहणारे, तंबाखू चोळत आभाळाकडं बघणारे ते सगळे लोक. म्हाताऱ्याचं मन राहावं म्हणून सगळा मुलूख गप्प होता, अन् आंधळं काय ते एकटं हे घर. भाग्यलक्ष्मीला त्या सगळ्यांच्या आधारावर क्षणभर टेकून बसावंसं वाटलं. मग तिनं नाक पुसलं, खाली बसली अन् घाटीच्या काठावर कानस लावली. एकदा. वाजवून पाहिली. आणखी अर्धी. गुरुजींनी घाटी बांधली, बैल फिरला. या वेळी ती उतरली आवाजात, पार तळापर्यंत. कोणी तरी पहाटे ओल्या वाटेनं चाललं होतं अन् घाई कसलीच नव्हती. डोळे उघडले तेव्हा बैल उभा होता अन् त्याचा जबडा संथ हलत होता.

कानस कुठल्याच गुडघ्यावर नव्हती. "पास," ती म्हणाली, अन् आपलाच आवाज ऐकून दचकली.

पुढचं सगळं अर्ध्या तासात झालं. जयवंताबाई आधी नवऱ्यावर चिडल्या, की एवढी गोष्ट बायकोपासून चोरून ठेवली. मग सुनेवर चिडल्या, मग पंकजला म्हणाल्या, की ऐकनारं मानूस घरात हाय तर दुकान कसं गेलं रे? पंकजला लागलं होतं. माझ्यापासून लपवायला मी काय परका होतो का, असं तो दोनदा म्हणाला. चंदाताई त्याच्याजवळ जाऊन बसली. वैभवनं या वेळी पाहू म्हटलं नाही. आत जाऊन दोन्ही पर्यायांचा कागद आणला, सरकारी तेलुगूतला मजकूर बापाला मोठ्यानं मराठीत वाचून दाखवला अन् माळावरच्या प्लॉटवर बोट ठेवलं. तिथं बैल उभा राहू शकते बाबा, एवढंच बोलला. भाग्यलक्ष्मी त्याच्याकडं बघतच राहिली.

गिरदावर बाई तीनच्या ठोक्याला आल्या, हिंदीत बोलल्या अन् दोनदा विचारलं की पक्कं ना, इतक्या लांब कोणी जात नाही. पांडुरंगराव म्हणाले, बैल जाते. प्लॉट कोणाच्या नावावर, असं विचारल्यावर त्यांनी सुनेचं पूर्ण नाव सांगितलं. भाग्यलक्ष्मीनं कानस खाली ठेवून सही केली. साक्षीदार पाहिजे होता. पंकज उठला, उन्हात मरा आता तिकडं, असं पुटपुटला अन् त्यानं सही केली. जाताना त्यानं वहिनीकडं पाहिलं नाही. ते बरं व्हायला दिवस लागतील हे तिला समजत होतं.

दसऱ्यानंतर दुकान पाडणार, असं सांगून गिरदावर बाई गेल्या.

मग सगळे आत चहाला गेले. भाग्यलक्ष्मी कानस पुसत होती. पांडुरंगराव तिच्याजवळ पायरीवर येऊन बसले. रस्त्यानं एक ट्रक गेला, आतल्या घाट्या एकेक करून बोलायला लागल्या. ते समोर बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"गुरुजीची घाटी," ते म्हणाले. "कशी वाजली?"

दोन वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. बरोबर की नाही तेवढंच त्यांना गुडघ्यावरून कळायचं, अन् त्याहून जास्त त्यांनी मागितलं नव्हतं. भाग्यलक्ष्मीला पटकन सांगता येईना. आवाज सांगायचा कसा? तिनं विचार केला, मग त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"मामाजी, आत्याबाई सकाळी ज्वारीची भाकर थापते, तवा तिच्या बांगड्या वाजतात ना? तशी."

आतून जयवंताबाई चहाला हाका मारत होत्या. दोन हाका झाल्या, तिसरी झाली. बायको बोलावते आहे हे पांडुरंगरावांना कळत होतं, पण ते उठले नाहीत. ते अजून बांगड्या आठवत होते.